गोमाच्या हातातली यादी

तुम्ही आज पासवर्डच्या नावानं रडता, आमच्या वेळी पासवर्ड म्हणजे गोमा. साठचं दशक सरत आलं होतं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या आमच्या कारखान्यात सगळ्या खात्यांना मिळून एकच कॉम्प्युटर होता, खोलीभर पसरलेला. तो मी चालवायचो. दारावर जवळच्या दिवाळे गावचा गोमा पहारेकरी. ज्याचं नाव यादीत, तोच आत.

त्या यादीनं माझा जीव खाल्ला. "त्याला परवानगी, मग मला का नाही?" असं म्हणत जो तो साहेब नाव घालून घ्यायचा. मशीन कुणालाच येत नव्हतं, पण मान हवा. शेवटी वैतागून मी चौदा साहेबांची नवी यादी टाइप केली, मोठ्या साहेबांची सही घेतली आणि गोमाला बजावलं, "यात नाव नसेल तर माझा बाप आला तरी सोडू नकोस."

दुसऱ्याच दिवशी मशीन अडकलं. धावत गेलो, तर गोमा आडवा.

"सायेब, तुमचं नाव नाय हाय."

"अरे, यादी मीच केलीय!"

"तुमीच सांगितलंत, सोडू नको."

खरंच, स्वतःचं नाव घालायचं मी विसरलो होतो. सही करणारे मोठे साहेब मुंबईला गेलेले. मी मुकाट गोमाच्या बाकावर बसलो. काचेपलीकडे चार साहेब कमरेवर हात ठेवून मशीनकडे बघत होते.

गोमानं आत डोकावलं. "यांच्यातल्या एकालापन येत नाय?"

"नाही."

"मंग यांची नावं कशाला घातलीत?"

मी विडी ओढत नाही. त्या दिवशी त्याच्याकडून मागून घेतली.