विळा कशानं पुसला

सरपंच, गुरुजी, भिंगारवरनं आलेले नर्सबाईंचे भाऊ, आन माझ्या आयाबायांनो, सगळ्यांना हात जोडते. मी पारूबाई, गावची सुईन. चार मान्सांत उभं राहून कधी बोलले न्हाई. पर गुरुजींनी इचारलं, कोन बोलनार, तवा मीच हात वर केला. मला एक सांगायचं हाय. ते आज न्हाई सांगितलं तर पुन्ना व्हायचं न्हाई.

सगुनाबाई नर्स काविळीनं गेल्या. शाळेमागच्या त्या एका खोलीत त्यांनी पाच वर्सं आपला दवाखाना चालवला. त्या आल्या तवा मला वाटलं, आता बाळंतपनाला मिळनारं माझं लुगडं-चोळी गेलं. मी त्यांच्याकडं बघत बी नव्हते. पयल्याच आठवड्यात त्या माझ्या दारात आल्या, चहा मागितला, आन म्हनल्या, "पारूबाई, नाळ कशानं कापता?"

मी म्हनलं, "विळ्यानं. ज्या घरचं पोर, त्या घरचा विळा. दुसऱ्याचा चालत न्हाई."

मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हनल्या, "विळा घरचाच असू द्या. फक्त उकळून घ्या."

बाई अशा हुत्या. आपली रीत मोडायच्या न्हाईत. मी उकळायला लागले. तुमी हसायच्या, पारूबाई विळ्याचं कालवन करती म्हनून. बाळंतपनाला त्या बी यायच्या, उकळता विळा चिमट्यानं काढायच्या, गार झाला की माझ्या हातात द्यायच्या.

मग दुष्काळाचं साल आलं. माझी कमल बाळंतपनाला म्हायेरी आली हुती. तिला कळा लागल्या त्या दिशी नर्सबाई खडी फोडायच्या दुष्काळी कामावर मान्सांना देवीची लस टोचायला गेल्या हुत्या. मी एकटीच. टँकरच्या पान्यातलं तांब्याभर पानी विळ्यासाठी ठिवलं, उकळलं. पोरगा झाला. चांगला रडला.

सातव्या दिशी त्याचं तोंड मिटलं. दूध घेईना. धनुर्वात. नर्सबाई कामावरच्या ट्रकात बसून त्याला नगरला घेऊन गेल्या. परत आनला तो फडक्यात.

तुमाला आठवतं, मग गावात काय उठलं? नर्सनं विळा उकळायला लावला, म्हनून पोर गेलं. तुमी म्हनला. मी ऐकलं. मी गप बसले. बाया दवाखान्यात जाईनात, पोरांना टोचून घेईनात. कुनी कुनी तर बाईंच्या तोंडावर बोललं.

एक दिस त्या माझ्याकडं आल्या. इचारलं, "पारूबाई, उकळल्यावर विळा कशानं पुसला?"

मी म्हनलं, "राखेनं. लई तापला हुता, पानी निथळत हुतं. माझी आई बी चुलीतली राख लावूनच पुसायची."

बाईंनी माझ्या चुलीतली चिमूटभर राख बोटावर घेऊन बघितली. मग म्हनल्या, "धनुर्वात या राखेतून आला. पुसू नका, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मी म्हनलं, "गावाला सांगनार का?"

त्या म्हनल्या, "सांगितलं तर तुम्हाला कोणी बोलावणार नाही. आणि तुम्हाला बोलावलं नाही, तर मला कोण बोलावणार?"

बास. वरीसभर शिव्या खाल्ल्या. माझं नाव घेतलं न्हाई. तिथनं फुडं बाळंतपनात एवढंच म्हनायच्या, "पारूबाई, पुसू नका." मी विळा चिमट्यात धरून उभी ऱ्हायची, गार हुईस्तवर. त्यानंतर माझ्या हातचं एक बी पोर तसं गेलं न्हाई.

त्या जित्या हुत्या तवा हे बोलायला पायजे हुतं. मला भ्या वाटलं. भाऊ, तुमच्या बहिनीला मी दोषी ठरू दिलं. माफी मागायला तोंड न्हाई, तरी मागते.

आता नवी नर्स येनार हाय. तिला खोलीत एकटं बसवू नका. पोरांना घेऊन जावा. मी संगं येते.

आन कमल, तू तिथं खांबाशी बसलीस. तू हे आज पयल्यांदा ऐकतीस. नर्सबाईचा दोष नव्हता, पोरी. तुझ्या आईचा हुता.

गुरुजी म्हनत्यात, बाईंसाठी दोन मिनिटं गप उभं राहू. उठा समदी. कमल, माझ्याजवळ उभं ऱ्हायाचं नसंल तर नको. तिकडं ऱ्हा. पर बाईंसाठी उभी ऱ्हा.