गर्दीतली बाई

मुंबईला चाललीस, काम शुक्रवारीच उरकंल म्हणतेस, मग शनिवारचा आख्खा दिवस पाहुण्यांच्या घरात टीव्ही बघत बसणार हायेस व्हय गं? — बस, बस, मी सरकते, स्वारगेटची गाडी अजून लागायची हाय, भोरच्या स्टँडवर घाई करून काय उपेग न्हाई. मी काय म्हणते, फोर्टात जा. समुद्र काय, सगळेच बघतात, समुद्र कुठं पळून जातोय? फोर्टातल्या इमारती बघ. आधी व्हीटी — आता सीएसएमटी म्हणतात, पण टॅक्सीवाल्याला व्हीटी म्हटलं तरी कळतंय. नुसती आत शिरून गाडीत बसू नकोस, रस्ता ओलांड, समोरच्या बाजूला उभी राहा आन् मान वर कर. दगडात माकडं, दगडात खारी, मोर तर असा पिसारा फुलवून बसलाय का वाटतंय आत्ता ओरडंल. दाराच्या खांबांवर एकीकडं सिंह बसलाय आन् एकीकडं वाघ — सिंह म्हणजे विलायत, वाघ म्हणजे आपण. आन् एवढा वाघ-सिंहांचा पहारा असून खालनं माणसं बघ कशी धावतात, एक मान वर करंल तर शपथ.

तिथनं सरळ चालत हायकोर्टाकडं जायचं. तिथं एका खांबावर माकड कोरलंय, न्यायाधीश माकड — हसू नकोस, खरंच हाय — हातात तराजू आन् एका डोळ्यावर पट्टी. म्हणजे एका डोळ्यानं बघून न्याय करतंय. म्हणतात, दगडकामाच्या ठेकेदाराचं कुणाशी वाजलं, त्यानं असा राग काढला. खरं-खोटं अल्लाला माहीत, पण तो सांगतो ना, तेव्हा खरंच वाटतं. माणसं पोट धरून हसतात — तो म्हणजे, हाय एक पोरगा. शनिवार-रविवारी सकाळी माणसं घेऊन फिरतो तिथं, इमारती दाखवत. एरवी जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या हापिसात नकाशे काढायला असतो. उंच हाय, गळ्यात निळा रुमाल, व्हीटीसमोरच उभा असतो. तू त्याच्याच बरोबर जा. कमानीला कमान का लावली, दगड कुठला, सगळं सांगतो. लहानपणी हितल्या राजवाड्याच्या भिंतीला कान लावून बसायचा, म्हणायचा, आतनं आवाज येतोय —

व्हय. आता बोलून गेले तर गेले. माझाच हाय तो. अमीर. मी गुलजारबी, हितंच राहते, राजवाड्याच्या मागच्या आळीत. पण पोरी, तू त्याच्याबरोबर फिरलीस तरी माझं नाव काढू नकोस हां. भोरची हाय असंही सांगू नकोस. म्हण, सातारची हाय, काय पण म्हण.

भांडण? न्हाई गं, भांडण असतं तर बरं होतं. भांडण मिटतं तरी. अगं, भलताच गुणी पोरगा. त्याचे अब्बा गेले, तेव्हापासनं दर शुक्रवारी फोन, अम्मी जेवलीस का, अम्मी गुडघा कसा हाय. इमारतींचं वेड मात्र त्याला माझ्यामुळंच लागलं — आता हे सांगायचं म्हणजे मला शूटिंगचं सांगावं लागंल. आमचा राजवाडा तू बघितलासच — बघितला न्हाईस? भोरला येऊन? अगं, सारखी शूटिंगं चालतात तिथं. कधी तो दिल्ली असतो, कधी लखनौ, एकदा तर जेल केला होता त्याचा. आन् शूटिंगला गर्दीची माणसं लागली का आमच्या आळीतला हनुमंत बायका गोळा करतो. मी किती वर्षं जाते. मला नऊवारी नेसवतात, कपाळाला टिकली लावतात, हातात भाजीची पाटी देतात, जा म्हणतात, हिकडनं तिकडं चाल. घरी येताना तोंड धुवायचं, आमचे हे दारात बसलेले असायचे, म्हणायचे, या काशीबाई! अमीर शाळेतनं सुटला का माझ्यासाठी थांबायचा तिथं, आन् थांबून-थांबून त्याला राजवाड्याचा खांब न् खांब पाठ झाला.

त्या कामात एकच शिस्त असते बघ. कॅमेरा चालू झाला का कुणाला ओळख द्यायची न्हाई. समोरनं सख्खी बहीण आली तरी तू तुझ्या वाटंनं, ती तिच्या. मी नवी होते तेव्हा एकदा अमीर कठड्यावर बसलेला दिसला आन् मी पाटीखालनं हात हलवला. झालं! आख्खी मिरवणूक परत, घोडे परत, पालखी परत. शूटिंगचा साहेब कर्ण्यातनं ओरडला, ए गर्दी, घरची माणसं घरी सोडून या! आमाला नाव नसतं, नुसतं ए गर्दी. तेव्हा जी लाज वाटली ना, त्यानंतर माझ्याकडनं कधी शॉट खराब झाला न्हाई. हनुमंत नव्या बायकांना सांगतो, गुलजारमावशीकडनं शिका, शेजारी बॉम्ब फुटला तरी मान वळवायची न्हाई.

आन् गेल्या महिन्यात मी मुंबईला गेले. न सांगता. म्हटलं, पोराचं काम बघावं, मागं उभं राहावं आन् शेवटी एकदम पुढं यावं. इंद्रायणी तांदूळ बांधून घेतला, खोबऱ्याच्या वड्या केल्या. व्हीटीसमोर पोचले तर बघते, माझा अमीर! इस्त्रीचा शर्ट, भोवती पंधरा-वीस माणसं, सगळी शिकलेली, पांढऱ्या बुटांची. मी आपली मागं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मोर दाखवला, माकड दाखवलं, मी पण हसले सगळ्यांबरोबर. मग नेलं त्यानं राजाबाई टॉवरकडं. ओव्हल मैदानाच्या बाजूनं बघ, तिकडनं पूर्ण दिसतो. असा उंच, घड्याळाचा, दगडाची जाळी तर आपण क्रोशानं विणावी तशी. एका शेठजींनी पैसा दिला आन् नाव आपल्या आईचं द्या म्हणाले. राजाबाई म्हणजे त्यांची आई. म्हणतात, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, घड्याळाचे ठोके ऐकून तिला वेळ कळायची. अमीर हे असं सांगत होता का एक बाई डोळे पुसायला लागली. मी पण पुसले. आन् मग तो म्हणाला, ही गोष्ट मला माझ्या अम्मीनं सांगितली, हितंच उभं राहून. ती हितल्याच एका शाळेत शिकवायची. शाळा सुटली का माझा हात धरून एकेक इमारत दाखवायची.

न्हाई गं, मी कुठली शिकवतेय! मी दहावीपर्यंत गेलेली, आन् मुंबईत पाऊल टाकलेलं ते त्याच दिवशी.

तेव्हा त्यानं मला बघितलं. दोन माणसांच्या मधनं. तोंडातला शब्द तोंडात राहिला त्याच्या. आन् मी काय केलं? मी टॉवरकडं बघितलं. मान वर, पदर सारखा केला, जशी मी कुणीच न्हाई. कुणी सांगावं लागलं न्हाई मला, अंगातच भिनलंय ते. तो पुढं बोलायला लागला, पण आवाज फाटला होता.

रागावले? त्याच्यावर? छे. काय पण विचारतेस. अगं, त्याचं पण काय चुकलं, त्या माणसांत उभं राहायचं तर कायतरी घराणं लागतंच का न्हाई? तिथं एक मुलगी होती, अरिबा, तिचे आईवडील पण होते. कुणी सांगितलं न्हाई मला, पण तो ज्या तऱ्हेनं तिला रस्ता ओलांडून देत होता ना, आईला कळतंय. मग शेवटी टाऊन हॉल. पांढराशुभ्र, मोठाले खांब, आन् खालपासनं वरपर्यंत नुसत्या पायऱ्याच पायऱ्या — तिथं घडीभर बस तू, वारा छान येतो. सगळे पायऱ्यांवर टेकले. अरिबाची आई नेमकी माझ्याशेजारी. लई गोड बाई. म्हणाली, तुम्ही कुठल्या? म्हटलं, भोरकडची. म्हणाली, एकट्याच आलात? म्हटलं, बहिणीकडं आलेय, गर्दी दिसली म्हणून थांबले. हे खोटं कसं झरझर आलं बघ तोंडात! म्हणाली, किती छान सांगतो ना मुलगा? आईचे संस्कार दिसतात. म्हटलं, व्हय, शिकलेली आई असली का फरक पडतोच.

हे अमीरनं ऐकलं. तो आमच्या खालच्या पायरीवर उभा होता. एकदम पांढरा पडला. मग सगळ्यांना म्हणाला, एक मिनिट, मला एक सांगायचंय, मघाशी मी खोटं बोललो. माझी अम्मी शिक्षिका न्हाई. ह्या बसल्यात ना, पिशवीवाल्या — ही माझी अम्मी.

एवढं बोलायला त्याला किती जड गेलं असंल, मला दिसत होतं. मी फक्त उठायचं होतं. उठून त्याच्या डोक्यावरनं हात फिरवायचा होता, बस. आन् मी — मी मागं वळून बघितलं. जसं माझ्या मागच्या कुणाला तरी म्हणतोय. म्हटलं, कोण, मी? न्हाई ओ दादा. तुमचा कायतरी घोटाळा होतोय.

दादा म्हटलं मी त्याला. स्वतःच्या पोराला.

कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं, गंमत करतोय, फिरवून-फिरवून शेवटी एक नाटक. टाळ्या वाजवल्या गं त्यांनी. अरिबाची आई माझ्या हातावर टाळी देऊन म्हणाली, बघा, तुम्हाला पण घेतलं नाटकात! आन् अमीर — तो पण हसला. मला ते हसू अजून दिसतंय. दरवाजा उघडावा आन् आतनं कुणी पुन्हा लावून घ्यावा, तसा दिसत होता तो.

का केलं? लोकांना सांगते — म्हणजे कुणाला सांगितलंच न्हाई, मनात सांगते — का त्याचा शॉट खराब होऊ नये म्हणून. त्याचं लग्न जमावं, त्याची इज्जत राहावी म्हणून. पण तू परकी हायेस, तुला सांगायला काय. ते खरं न्हाई. खरं असं का त्या टॉवरखाली त्यानं जी दुसरी अम्मी उभी केली होती ना, शाळेतली, हात धरून गोष्टी सांगणारी — ती मला लई आवडली होती. इतकी आवडली का तिच्या जागी मी, ही अशी, तांदळाची पिशवी घेऊन उठून उभी राहायची मलाच लाज वाटली. त्याला न्हाई वाटली. त्यानं तर सांगून टाकलं. मलाच माझी लाज वाटली, आन् त्यात पोराला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. आईनं करू नये, ते केलं. वड्यांचा डबा पण तसाच पिशवीत घेऊन पायऱ्या उतरले. मागनं त्यानं हाक मारली का, ते पण मी ऐकलं न्हाई. ऐकलं असंल. ठाऊक न्हाई.

फोन? करतो, शुक्रवारी. जेवलीस का विचारतो. त्या दिवसाचं तो काढत न्हाई, मी काढत न्हाई. गुडघ्याचं पण विचारत न्हाई आता.

लागली बघ तुझी गाडी, ती काय, निळ्या पाटीची. पळ, खिडकीची जागा धर. पाण्याची बाटली ऱ्हायली, घे. आन् टॉवर मैदानाच्या बाजूनंच बघ, इसरू नकोस — काय? व्हय, गेले होते की परत. मावसबहिणीकडं रात्र काढली भायखळ्याला, झोप कुठली येतेय, म्हटलं उद्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर सांगायचं, मीच हाय म्हणून. चढ तू, कंडक्टर बघतोय. जा.

गेली गाडी, उरलेलं आपलं मनातच — दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवरखाली नव्या माणसांच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यानं मला बघितलं, शेठजींच्या आईची गोष्ट सांगितली, आन् स्वतःच्या आईचं काही न बोलता माणसं घेऊन पुढं गेला.