काकूची लिफ्ट मोरबीला गेली

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "तू गेल्तास ना संगं? मंग आडवलं का न्हाई?" अहो, अडवलं म्हणजे नेमकं काय करायचं होतं मी? चुलत्यांच्या स्कॉर्पिओपुढे आडवं पडायचं होतं? तुम्हाला सांगतो, मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर, प्रथम श्रेणी. अडवणे हा प्रकार आमच्या अभ्यासक्रमातच नाही. मी फक्त शंका उपस्थित केली होती!

तर माझे चुलते, मच्छिंद्रनाना, यांचा शिर्डीत लॉज आहे. तीन मजले, अरुंद जिना, लिफ्ट नाही, आणि मनकर्णाकाकूचे दोन्ही गुडघे गेलेले. ती चादरी घेऊन वर चढते तेव्हा काउंटरवर तिच्या गुडघ्यांचा आवाज येतो... ही अतिशयोक्ती नव्हे, मी स्वतः ऐकला आहे. म्हणून रस्त्यात गेलेल्या वावराचे पैसे नानांनी लिफ्टसाठी बाजूला ठेवले होते. ठेवले होते! भूतकाळाची कृपया नोंद घ्यावी.

आता दरवर्षी गुजरातमधल्या मोरबीहून बस भरून भाविक घेऊन येणारे एक त्रिकमभाई. त्यांचा तिकडे टाइल्सचा कारखाना. हा माणूस खोलीत शिरला की आधी बाबांच्या तसबिरीला नमस्कार, आणि मग थेट बाथरूममध्ये जाऊन भिंतीच्या टाइल्सवर टकटक, "मच्छिंद्रभाई, आ तो पोली छे! पोकळ!" आणि नाना असे हरखायचे, जणू मोठ्या डॉक्टरने फुकटात नाडी पाहिली! त्यात यंदा त्रिकमभाई जाता जाता म्हणाले की भागीदार शोधतोय. झालं! नाना मला म्हणतात, "पार्थ्या, आख्खा देश भिताडाला फरशी लावून ऱ्हायलाय. लावू पैसे. एक काय, पुढल्या साली दोन लिफ्टा बसवू!" मी म्हटलं, नाना, बाजारात मागणी आहे याचा अर्थ त्या विशिष्ट कारखान्याला नफा आहे असा होत नाही. विरोध नाही हो! मी फक्त शंका उपस्थित केली होती.

काकूने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू जा त्यांच्यासंगं. गोड बोलनारा भेटला का हे इरघळत्यात. कागदं नीट बघ, आन् वंगाळ दिसलं तर मला फोन कर." म्हणजे लिफ्टची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर!

मोरबीला पोचलो. मी अदबीने म्हणालो, "त्रिकमभाई, ताळेबंद पाहता येईल का?" ते म्हणाले, "पहेला जमी लो!" जेवलो. म्हटलं, कर्जाचा तपशील... तर फाफडा आला. म्हटलं, न विकलेल्या मालाचं... तर श्रीखंड! आणि टेबलाखालून नानांची लाथ. "खाल्ल्या घरात हिशोब मागतो व्हय रं? त्यांनी आपल्या लॉजचा कदी मागितला?" आता याला शास्त्रीय उत्तर काय द्यायचं, तुम्हीच सांगा!

शेवटी कारखान्यात शिरलो. भट्टी आगगाडीसारखी लांबच लांब. मी सावधगिरीने एक बोट लावलं... थंड! मग दुसरं बोट. मग अख्खा पंजा. थंडगार! मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत विचारलं, "त्रिकमभाई, ही भट्टी सध्या... विश्रांती घेते आहे का?"

त्रिकमभाई डोळे पुसून म्हणाले, "पार्थभाई, साईबाबा के गाँव के आदमी से झूठ नहीं बोलूँगा. गॅस महँगा, माल पडा है, भट्टी बंद. पैसा मत डालो. डूब जायेगा."

तुम्हाला सांगतो, माझ्या पदव्युत्तर आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण! शंका उपस्थित केली काय, सिद्ध झाली काय! मी अभिमानाने वळून नानांकडे पाहिलं... तर नानांच्या डोळ्यांत पाणी. "पार्थ्या, आरं एवढा खरा मानूस! सोताच्या तोंडानं सांगतोय, बुडल म्हनून! लबाड आसता तर 'टाका' म्हनला आसता. आशाला न्हाई द्यायचे, तर मंग कुनाला द्यायचे?"

त्रिकमभाई म्हणतात, नको. नाना म्हणतात, घ्याच. गुंतवणूक घेणारा पुढे पळतो आहे, गुंतवणूकदार मागे धावतो आहे, आणि दोघे त्या थंड भट्टीला प्रदक्षिणा घालताहेत... असा प्रसंग कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही हो! मी सगळी तपासली आहेत.

काकूला फोन लावला. शेवटची तटबंदी! म्हटलं, काकू, भट्टी बंद आहे, लिफ्टचे पैसे बुडणार, नानांना तूच सांग. तर ती म्हणते, "भट्टी बंद हाय? आन् त्यांची लेक बाळंतपनाला आल्ती ना रं? आशात?... त्रिकमभाईंच्या घरच्या वैनी दरसाली माझ्या गुडघ्याला तेल चोळून देत्यात, पार्थ. देऊन टाका म्हनावं. मी चढती अजून."

"काकू, पण मी फक्त शंका उपस्थित..."

"शंका ठिव खिशात, आन् बाळाला बघून ये. रिकाम्या हातानं जाऊ नगं!"

दिले. भट्टी पेटली, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. आणि दिवाळीत नफ्याचा पहिला हप्ता आला. रोख नव्हे, वस्तुरूपात. टाइल्सचा ट्रक! अख्खी गल्ली बंद. आता लॉजच्या चार खोल्यांत भाविकांऐवजी पेट्या मुक्कामाला आहेत, काकू तशीच चढते आहे, आणि विक्रीची जबाबदारी अर्थातच घराण्यातल्या एकमेव वाणिज्य पदव्युत्तर पदवीधराकडे!

तर मंडळी, स्पष्ट सांगतो, या टाइल्स घेऊ नका. निळा रंग एका पेटीचा दुसरीशी जुळत नाही. नक्षीत मोर आहेत, पण माना असलेले मोर कमी आले आहेत. पुन्हा याच नक्षीचा माल मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही... काय म्हणालात? एवढा खरं बोलणारा विक्रेता पाहिला नाही? अहो, तसं नव्हे, मी फक्त शंका... काय? वीस पेट्या? अहो, मानांचं ऐकलंत ना तुम्ही?... तुम्हालाही?

...बरं. टेम्पो तुमचा, का मी सांगू?