सहाव्या कलमातली विळी

काका: वॉचमन नको. नवा आहे, गणपतीनंतर टिकतो की नाही कुणास ठाऊक. मृत्युपत्राचा साक्षीदार म्हणून त्याला शोधायचं कुठे?

अनुपमा: मग कोण, राजारामकाका? ऑफिसातली शीतल यायची होती, ती तापाने पडलीय. अख्खी बिल्डिंग कोकणात. आणि उद्या सकाळी सात वाजता मला ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायचंय.

काका: एक साक्षीदार मी. दुसरा खाली उभा आहे.

अनुपमा: कोण?

काका: निलेश. ऋतिकाला न्यायला आलाय. वर ये म्हटलं तर गेटवरच बरा आहे म्हणाला.

अनुपमा: काका, घटस्फोट झालाय आमचा. नऊ वर्षं. हे घर त्याच्या हातात जाऊ नये म्हणून तर लिहितेय मी हे.

काका: मग त्यानेच सही केली तर उद्या खोटं म्हणायला त्याला तोंड राहील? वकीलबाईंनी एवढंच बजावलंय, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही. त्याला काही ठेवलंयस का?

अनुपमा: एकच वस्तू. हे सहावं कलम वाचा.

काका: बघू.

कागद: कलम सहा. माझ्या दिवंगत सासूबाईंची फणसाच्या लाकडाची विळी, किचनच्या माळ्यावर, निळ्या चादरीत गुंडाळलेली, निलेश परब यांना परत द्यावी.

काका: विळी?

अनुपमा: वाटण्या करताना त्याने तेवढीच मागितली होती. आईची म्हणून. मी सांगितलं, हरवली.

काका: आणि आता मेल्यावर परत देणार.

अनुपमा: मेल्यावर त्याचं तोंड बघावं लागलं नसतं.

काका: ते पान पुन्हा लिही, सहावं कलम गाळून. मी आणतो त्याला.

(अनुपमा नवं पान लिहून संपवते. निलेश दारातच चपला काढून उभा.)

निलेश: कुठे करू सही?

अनुपमा: आधी वाच.

निलेश: साक्षीदाराला वाचावं लागत नाही. ना, काका?

काका: नाही. तिने आपल्यासमोर सही करायची, मग आपण.

अनुपमा: तरी ऐक. मी गेले तर घर ऋतिकाचं. ती अठराची होईपर्यंत माझी बहीण सुनंदाताई सांभाळेल. तू नाही.

निलेश: बरं झालं.

अनुपमा: टोमणा आहे का?

निलेश: नाही गं. आपलं घाटकोपरचं घर विकून दुकानात कोणी घातलं? मीच पार वाट लावली. माझ्या हातात परत घर देऊ नकोस. पण पोरगी?

अनुपमा: पोरगी तुझ्याकडेच. कलम दोन.

निलेश: मग झालं. कर तू सही, मी करतो.

अनुपमा: थांब. आधी स्टूल घे आणि माळ्यावरची निळी चादर काढ. तुझ्या नावावर काही ठेवायचं नाही म्हणतात. मग आत्ताच ने.

निलेश: काय आहे? जड लागतंय.

अनुपमा: सोड गाठ.

निलेश: अनू…

अनुपमा: हरवली नव्हती. लपवली होती मी.

निलेश: गंज कसा नाही चढला?

अनुपमा: दर पावसाळ्याआधी तेल लावते. तुला शिव्या घालत घालत.

काका: भांडायचं असेल तर आधी सह्या करा. खाली माझ्या घरच्या गणपतीची आरती राहिलीय.

निलेश: भांडत नाही, काका. मला वाटायचं, शिफ्टिंगच्या दिवशी टेम्पोत माझ्याच हातून गेली. नऊ वर्षं आयेच्या फोटोसमोर उभा राहिलो की हेच मनात. अनू, माझ्या हातून नाही गेली ना?

अनुपमा: नाही रे. तुझ्या हातून नाही.

कागद: सही, अनुपमा. साक्षीदार एक, राजाराम. साक्षीदार दोन, निलेश. कलमं एकूण पाच.

काका: झालं. मी निघतो.

अनुपमा: सुटले बाई.

निलेश: नारळ आहे का घरात?

अनुपमा: अर्धा आहे. पण मला आता काही खायचं नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय.

निलेश: ऋतिकाला हाक मार, तिला खोवायला शिकवतो. खोबऱ्याचा डबा फ्रीजरमध्ये ठेवतो. घरी आलीस की खा.