पुलासाठी दिल्लीला गेलेला माणूस

शहाडच्या दवाखान्यात तपासणीसाठी वैशालीच्या डोळ्यांत औषध घातलं होतं. अर्धा तास डोळे मिटून बसायचं होतं, त्यामुळे शेजारी बसलेलं म्हातारं जोडपं तिला फक्त ऐकू येत होतं.

"गोदा, सकाळी दिल्लीहून पक्षाचा फोन आलेला."

"खासदारकीला पुन्हा उभे राहा म्हणाले असतील."

"हो. तिसऱ्यांदा."

बाईंनी पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

"रागावलीस?"

"नाही. मागे दोन्ही वेळा मला पेपरातून कळलेलं."

"गावात मीठ आणि सुकट विकणारा माणूस मी. पावसाळ्यात नदीपलीकडून गोण्या होडीतून आणायचो. ती होडी उलटली, तुझा भाऊ गेला, तेव्हाच ठरवलेलं की पूल आणायचा. त्यासाठी दिल्लीपर्यंत जायला लागलं तरी जायचं."

"गेलात की. दहा वर्षं."

"पण पूल झाला ना?"

"झाला. गेल्या महिन्यात मी एकटीच चालत गेले त्याच्यावरून. मधोमध थांबून खाली पाणी बघितलं. भीती नाही वाटली."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही अधिवेशनाला गेलेलात."



"मी त्यांना नाही म्हणून सांगितलं, गोदा."

"परत फोन आला तर?"

"तरी नाहीच."

बाईंनी सोडलेला लांब श्वास वैशालीला स्पष्ट ऐकू आला. तेवढ्यात कंपाउंडर दारात आला.

"खासदार साहेब, या आत."

"आधी या ताईंना घ्या," बाई म्हणाल्या. "आम्हाला आता कसलीच घाई नाही."