पालथी कुंडी

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या मांडीवर खोकं, खोक्यात कासव.

“आठवडा झाला आणून, पानाला तोंड लावत नाही. आजारी आहे ते.”

“आजारी नाही, आई. त्याच्या काचेच्या पेटीत मी विटेला टेकवून कुंडी पालथी ठेवली होती, ती कुठे गेली?”

“मी काढली. सारखं आत लपून बसायचं. मग दिसणार कसं?”

“लपायला जागा असली की आपणहून बाहेर येईल. आणि काचेला बाहेरून पुठ्ठा लावू. दिवसभर तुम्ही काचेला नाक लावून बसता.”

“खातंय का बघते. काळजी वाटते म्हणून.”

“कुणी टक लावून बघत असलं की घास उतरत नाही.”

“तुला बरं माहीत.”

“मी नवीन आले तेव्हा तुम्ही अशाच बसायचात, माझ्या ताटासमोर.”

“तू तर म्हणायचीस, पोट भरलं.”

“म्हणायचे. मग तुम्ही झोपलात की स्वयंपाकघरात उभ्याने खायचे.”

आतून हाक आली, “कासववाले, या.”

“चल, घरी जाऊ.”

“अहो, नंबर आलाय आपला.”

“येऊ दे. त्या कुंडीत मी गुलाब लावलाय. तो आधी काढते.”