डबल बेल मिळाल्याशिवाय

...आणि वर तो तंबूंच्या माळावरचा माणूस मला भोंग्यावरून सांगतो, "मोकळ्या हवेचा आनंद घ्या! रेषेबाहेर पाय टाकू नका!" आता मला सांगा, तोंडाला मास्क, चारी बाजूंनी चुन्याची रेषा, शेजारच्या तंबूतला माणूस शिंकला की अख्खा माळ श्वास रोखून धरणार, ह्यात मोकळी काय आणि हवा काय? नाही, तुम्ही बसा. बसा ना! पण तिकडे, त्या दगडावरच, नाहीतर नाक्यावरचे ते साहेब दोघांनाही उठवतील. तुमचीही गाडी अडवली ना? मग काय, वेळच वेळ आहे. ऐका.

तुम्हाला सांगतो, मी बसचा ड्रायव्हर. आणि आमची ही कंडक्टर. त्याच बसची! लग्न जमलं ते बसमध्येच, म्हणजे ही मागून घंटी मारायची, मी पुढे ऐकायचो, तेच पुढे घरात चालू राहिलं. एकदा टण म्हणजे थांबा, टण टण म्हणजे चला. घरीसुद्धा! जेवताना पातेल्यावर चमचा एकदा वाजला की मी हात आखडता घेतो. हसू नका. संसार ह्याच्यावरच चाललाय. डबल बेल मिळाल्याशिवाय मी जागचा हलत नाही, आणि मिळाली की मागे बघत नाही. मागे बघायचं काम कंडक्टरचं!

मग ही साथ आली, बस बंद, आम्ही दोघं घरात. तेही चाललं असतं हो, पण हिचे वडील. माझे सासरे. शेजारच्या जिल्ह्यात एकटे राहतात, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, दुसऱ्यांची वेळ लावून दिली, आणि आता स्वतःचीच चुकायला लागली. फोनवर आधी म्हणायचे, "कोण बोलतंय?" मग म्हणायला लागले, "मुलगी? मला मुलगी आहे?" हिने फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन घासलेलं भांडं पुन्हा घासायची. मी पेपर वाचायचो. तोच, कालचा.

आणि भेटायचं तर नियम! दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. पण, म्हणे, मोकळ्या हवेत, अंतर राखून भेटू शकता. ही लगेच म्हणाली, "ओ ड्रायव्हर, बाबांच्या गल्लीच्या टोकाला तो माळ आहे ना, तंबूंचा, तिथे भाड्याची कॅरव्हॅन लावायची, बाहेर खुर्ची टाकायची, बाबांना बोलवायचं. मला बघितल्यावर ओळखतील. फोनवर आवाज चिरका येतो माझा, म्हणून गोंधळतात ते." आता ह्यावर नाही कोण म्हणेल? कॅरव्हॅनचा मालकही तिथलाच निघाला. त्याने गाडी आम्हाला घरपोच आणून दिली, दोनदोनदा सांगितलं की परत द्यायला तुम्हीच या, आणि गेला.

कॅरव्हॅन बघितलीय का कधी आतून? नका बघू. ज्या टेबलावर जेवायचं तेच मोडून रात्री पलंग, म्हणजे उशिरा जेवणाऱ्याने झोपायचंच नाही! कपाट उघडायचं तर दार बंद करा, दार उघडायचं तर बायकोला बाहेर काढा. आणि आम्ही आत माणसं किती? दोन! तरी ही सवयीने ओरडतेय, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" अहो, कुठे आहे? मी चुलीला टेकलोय! आणि त्या संडासाची पेटी... नको. तुम्ही डबा खाताय. एवढंच सांगतो, ती पेटी घेऊन मी रेषेरेषेने माळभर फिरत होतो, लोक मला बघून आपापल्या तंबूत जात होते, आणि मागून भोंगा: "मोकळ्या हवेचा आनंद घ्या!"

तो भोंगेवाला म्हणजे त्या माळाचा व्यवस्थापक. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा, खांद्यावर चुन्याची पिशवी. माणूस वाईट नव्हता, पण हातात भोंगा आला की कोणीही तसाच वागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे आले. शेजारीण त्यांना घेऊन आली, खुर्चीत बसवलं आणि गेली. आणि ही! अहो, हिने आदल्या दिवसापासून साडी काढून ठेवली होती, त्यांच्या आवडीची, निळी. अंतर राखून समोर उभी राहिली, मास्क जरासा खाली केला आणि म्हणाली, "बाबा."

ते बघत राहिले. काठीवर दोन्ही हात, त्यावर हनुवटी. मग अगदी अदबीने म्हणाले, "बसा ना बाई. तुम्ही कोणाकडच्या?"

तुम्हाला सांगतो, घाटात ब्रेक गेला तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. ही काही रडली नाही. कंडक्टर ती, तिचं काम गर्दी आवरायचं. "इथलीच आहे," म्हणाली. "तुमच्या गल्लीतली." आणि मग गप्पा मारत बसली त्यांच्याशी, परक्या बाईसारख्या. हवापाणी. घड्याळं. मी पायरीवर बसून माझे बूट बघत होतो.

आणि तेवढ्यात शिट्टी! "ऐका ऐका! जिल्हा दुपारपासून बंद होतोय! बाहेरच्या गाड्यांनी ताबडतोब निघायचं! आतले आत, बाहेरचे बाहेर! घाई करा! आणि जाता जाता मोकळ्या हवेचा..." त्याचं त्यालाच कळलं असावं. भोंगा खाली घेतला त्याने.

झाली पळापळ. मी चाकावर. ही कुठे बसणार? मागे! आयुष्यात कधी पुढे बसली नाही ती, कंडक्टरची जागा मागे. मध्ये पत्र्याची भिंत, तिला एवढीशी खिडकी, आणि खिडकीचा पडदा अडकलेला. इंजिन चालू केलं आणि वाट बघत बसलो. कशाची? घंटीची! भोंगा ओरडतोय, मागचे हॉर्न मारतायत, पण मी हलणार नाही म्हणजे नाही. आणि मागून पत्र्यावर आलं... टण टण.

डबल बेल! निघालो! फाटक ओलांडलं, नाका ओलांडला, लागलो रस्त्याला. मागे काही हूं की चूं नाही. म्हटलं, साहजिक आहे, बिचारी रडत असेल. रडू दे.

आणि तुम्हाला सांगतो, मी बोलायला लागलो. पुढे बघून, मोठ्याने, पत्र्याच्या भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून. म्हटलं, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. ते विसरले म्हणजे तू कोणी नाहीस असं होतं का? मी आहे ना ओळखायला. तुझी शिट्टी ओळखतो मी, तुझी घंटी ओळखतो, जिन्यावर पाऊल वाजलं तरी ओळखतो. तुझ्याशिवाय मला स्टॉपही नीट घेता येत नाही गं..." डोळ्यांत पाणी! चालत्या गाडीत! मध्येच माझा फोन वाजायला लागला, खणखण, खणखण, सासऱ्यांच्या घरचा नंबर. उचलला का? छे! गाडी चालवताना फोन? आम्ही नियमातली माणसं. वाजू दिला. म्हटलं, "बघ, तुझ्या बाबांना काहीतरी आठवलं वाटतं."

घरी आलो. उतरलो. मागचं दार उघडलं. टेबल होतं. गादी होती. हिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. ही नव्हती.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोललो, आणि ऐकायला कोण? गादी!

काय झालं होतं सांगतो. ही खुर्ची घडी करायला गाडीच्या मागे गेली होती. सासरे बाजूला उभे, काठीला चिखल लागला होता, तो त्यांनी झटकला. कशावर? आमच्या पत्र्यावर! टण टण. आणि हा शहाणा निघाला. ओरडली हो ती, पण भोंग्यापुढे कोणाचा आवाज पोचणार?

तसाच गाडी फिरवून इथे नाक्यावर आलो. साहेब म्हणाले, "आत जायचं कारण?" म्हटलं, "बायको राहिली." "राहिली म्हणजे? बॅग राहते, छत्री राहते." "उतरली होती, साहेब." "मग बघितलं नाहीत?" आता ह्यांना मी डबल बेल कशी समजावू? म्हणाले, "आतले आत, बाहेरचे बाहेर. बंद उठला की न्या." गाडी परत द्यावी म्हटलं तर मालकही आत. तेव्हापासून मी असा, बाहेरचा, ह्या डब्यात, रस्त्याच्या कडेला.

मग फोन लावला सासऱ्यांकडे. हिने उचलला. मी तयारीत होतो, दोन शिव्या, चार टोमणे, जे येईल ते. तर ही हसतेय! हसतेय की रडतेय, काही कळेना. म्हणाली, "अहो, तुम्ही गेलात ना, मी फाटकापर्यंत धावले. परत आले तर बाबा जागच्या जागी उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, 'ठमे! तुझी गाडी गेली की गं! आता घरी कशी जाशील?'" ठमी म्हणतात हो ते हिला, लहानपणापासून. "मग हात धरला माझा," म्हणाली. "म्हणाले, 'चल, माझ्याकडे राहा.' अंतरबिंतर काही नाही. सारखं ठमी, ठमी चाललंय. मधेच विसरतात, की मी म्हणते, बाबा, माझी गाडी चुकली. की लगेच, 'अगं ठमे!'"

म्हटलं, चला, चुकून का होईना, ड्रायव्हर कामाला आला. मग म्हटलं, "बरं, बंद उठला की येऊ ना न्यायला? गाडी तोंड फिरवूनच ठेवलीय."

मागून म्हातारबुवांचा आवाज आला, "कोणाचा फोन गं ठमे?" हिने नुसतं पेल्यावर चमचा वाजवला. मी कान देऊन ऐकलं. दुसरा वाजेल, आता वाजेल...

एकदाच वाजला हो. टण.

तेव्हापासून थांबलोय. तुम्ही डबा खा. हवा मोकळी आहे.